बास्क लोकांच्या गाण्यात सारखा डोंगर का येतो?

गोव्यात किंवा वसईत राहत असाल तर ओळखीत एखादा तरी झेवियर असणारच. हे नाव आलं सेंट फ्रान्सिस झेवियरवरून, म्हणजे गोंयच्या सायबावरून, पण त्यांचं आडनाव आलं कुठून? स्पेनच्या उत्तरेला नवारा प्रांतात खाबियेर नावाचा एक वाडा आहे, किल्लाच म्हणा, तिथे १५०६ साली त्यांचा जन्म झाला आणि त्या जागेचं नाव मुळात 'एचे बेरी' या दोन शब्दांचं घासून घासून झालेलं रूप. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं. नवं घर. ही भाषा बास्क. १५४४ च्या एका पत्रात त्यांनीच लिहून ठेवलंय की इथल्या लोकांची भाषा मलबार आणि माझी बिस्काईन, म्हणून आमचं एकमेकांशी बोलणंच होत नाही. बिस्काईन म्हणजे बास्क. तर ओल्ड गोव्याच्या बॉम जेझूमध्ये ज्यांचं शव आहे त्या संताची मातृभाषा ही होती, आणि आपल्याकडे कित्येकांच्या नावात ती रोज हाक मारली जाते, आपल्याला पत्ताही नसतो.

हल्ली फुटबॉल बघणारी मुलं हा प्रश्न फार विचारतात. अथलेतिक बिलबाओ फक्त बास्क खेळाडू घेतं म्हणजे काय? बास्क म्हणजे स्पॅनिशच ना? मग कोणीतरी सर्च करतं, त्याला जुनी बास्क गाणी सापडतात, खाली भाषांतर वाचतो तर ह्यात डोंगर, त्यात डोंगर, बर्फ, पक्षी, परत डोंगर. मी स्वतः असाच एका गाण्यामुळे यात ओढला गेलो. ते गाणं पुढे नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळं उत्तर त्या एका गाण्यात आहे.

## आधी बेसिक: बास्क म्हणजे नक्की कोण?

नकाशात स्पेन आणि फ्रान्स जिथे भेटतात तिथे पिरिनीज नावाची पर्वतरांग आहे. तिचं पश्चिमेकडचं टोक उतरत उतरत समुद्राला मिळतं, त्या टोकाच्या दोन्ही अंगांना हे लोक राहतात. एकूण सात जुने प्रांत, चार स्पेनमध्ये, तीन फ्रान्समध्ये. त्यांचं एक वाक्य आहे 'साज्पियाक बात', म्हणजे सातही मिळून एक. वेगळा देश नाही, वेगळा पासपोर्ट नाही.

मग यांना एकत्र बांधतं काय, तर भाषा. एउस्कारा. ही भाषा जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेची नातेवाईक नाही. मराठीला हिंदी बहीण, कोकणी बहीण, संस्कृत आजी, लांबून लांबून फारसी आणि लॅटिनशीसुद्धा नातं निघतं. एउस्काराला असं कोणी नाही. भाषेच्या कुळात एकटं घर. लॅटिन आली, तिने आजूबाजूच्या सगळ्या भाषा गिळल्या, ही तेवढी राहिली.

आणि बास्क माणूस स्वतःला काय म्हणतो बघा, 'एउस्काल्दुन'. याचा शब्दशः अर्थ ज्याच्याकडे एउस्कारा आहे तो. रक्त नाही, धर्म नाही, जमीन नाही, भाषा असलेला. आज त्या सात प्रांतांत मिळून तीसेक लाख लोक राहतात आणि दहातल्या साधारण तिघांनाच ही भाषा नीट बोलता येते, त्यामुळे या शब्दात एक कळ पण आहे.

## मग यात डोंगर कुठून आला?

डोंगराला ते म्हणतात 'मेंदी'. हो, आपण हातावर काढतो तीच मेंदी, उच्चार तोच, अर्थाचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपं. मेंदी आडनावांत खचाखच भरलेली आहे. मेंदिसाबाल म्हणजे रुंद डोंगर. मेंदोसा हे आडनाव आज अख्ख्या लॅटिन अमेरिकेत आहे, ते मेंदी आणि होत्स मिळून झालंय, थंड डोंगर. गोइकोएचेआ म्हणजे वरचं घर, चढावरचं. आर्सेनलचा कोच मिकेल आर्तेता, त्याचं आडनाव ओकच्या एका जातीच्या झाडांची जागा. म्हणजे आडनाव विचारलं की माणूस आपल्या घराचा पत्ता सांगतो, चढावर आहे का, उतारावर, झाडाखाली का ओढ्याजवळ.

उंचीचं म्हणाल तर फार मोठे डोंगर नाहीत हे. गोर्बेया हा तिकडचा अतिशय लाडका डोंगर १,४८२ मीटर, आपलं कळसूबाई १,६४६. मारी नावाची त्यांची जुनी देवी आंबोतो नावाच्या डोंगरातल्या गुहेत राहते आणि सोन्याच्या फणीने केस विंचरते अशी समजूत, तो आंबोतो १,३३१ मीटर. फक्त पूर्वेकडे सुबेरोआ प्रांतात ओर्ही नावाचं शिखर २,०१७ मीटरवर जातं. त्या ओर्हीवरून जुनी म्हण आहे की ओर्हीचा पक्षी ओर्हीवरच रमतो.

आता हे सगळं वाचून वाटेल की बरं, डोंगराळ लोक, डोंगरावर प्रेम, म्हणून गाण्यात डोंगर. मलाही आधी असंच वाटायचं. पण जुनी लोकगीतं ऐकायला घेतली की एक विचित्र गोष्ट जाणवते, त्यात डोंगर सुंदर आहे असं सहसा कोणी म्हणतच नाही.

## एक गाणं, अगदी जवळून

सुबेरोआमधलं जुनं लोकगीत आहे, कोणी रचलं ते माहीत नाही. सुरुवात अशी: 'चोरित्तुआ, नुरात हुआ, बि हेगालेस आइरिआन?' अरे चिमण्या पाखरा, दोन पंख पसरून हवेत निघालास कुठे? स्पेनकडे जायचं तर बोर्तूवर बर्फ आहे. बर्फ वितळलं की आपण दोघं मिळून जाऊ.

बस, एवढंच पहिलं कडवं. दुसऱ्या कडव्यात वाटेवरचं सेंट जोसेफचं छोटं देऊळ येतं, उजाड माळावर उंचावर, तिकडे जाताना तिथे माझा विसावा, मागे वळून बघतो आणि उसासे येतात. तिसऱ्यात तो उसाश्यालाच सांगतो की जा बाबा, तिच्या दारापर्यंत जा, तिला सांग मी पाठवलंय, आणि ती माझ्या काळजात शिरली तसा तू तिच्या काळजात शीर.

आता यातला 'बोर्तू' हा शब्द पकडा, सगळी गंमत तिथे आहे. हा शब्द लॅटिन पोर्तुसवरून आलाय, म्हणजे वाट, खिंड. सुबेरोआत तो डोंगरातल्या खिंडीलाही वापरतात आणि उन्हाळ्यात मेंढरं चरायला नेतात त्या वरच्या कुरणांनाही, आणि एकूणच उंच डोंगरालाही. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, आपल्याकडे 'घाट' हा शब्द अगदी असाच आहे. घाट म्हणजे चढायची वाट, आणि घाट म्हणजे तो अख्खा सह्याद्री. घाट चढून देशावर गेलो, घाट उतरून कोकणात आलो. आपल्यालाही डोंगर आधी वाट म्हणूनच कळला, देखावा म्हणून खूप नंतर.

गाण्यातल्या माणसालासुद्धा डोंगर असाच दिसतो. वाट चालू आहे की बंद? बर्फ आहे की वितळलं? पलीकडचं माणूस कधी भेटणार? आणि पक्ष्याला का विचारतोय, तर पक्ष्याला वाटेची गरज नाही, बर्फ असलं तरी तो जाईल, तरीही हा त्याला म्हणतो की थांब, मिळून जाऊ. मला ही ओळ प्रत्येक वेळी आत कुठेतरी लागते.

असंच अजून एक आहे, त्यात पांढऱ्या पारव्याला विचारतात, 'उर्सो शुरिआ', सांग कुठे निघालास, स्पेनचे डोंगर सगळे बर्फाने भरलेत, आज रात्री आमच्या घरी मुक्काम कर. ही नुसती कवीची कल्पना नाही बरं का. दर ऑक्टोबरमध्ये पारव्यांचे थवेच्या थवे उत्तरेकडून येतात आणि याच डोंगरांच्या खिंडीतून दक्षिणेला जातात, एचालार गावाला तर खिंडीत जाळी लावून त्यांना पकडायची शेकडो वर्षांची परंपरा आहे. गाणारा माणूस रोज जे बघत होता तेच गात होता.

पश्चिमेकडे बिस्काया प्रांतात एक छोटं पद आहे. वरच्या डोंगरावर बर्फ आहे, ओढ्याकाठी पाणी गोठलंय, मी तुझ्यापासून सुटलेय आणि माझं मन आनंदात आहे. पहिल्या अर्ध्यात निसर्ग, दुसऱ्या अर्ध्यात एकदम काळीज, मध्ये 'जसं-तसं' काही नाही. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना ही उडी ओळखीची वाटेल. या पदात बर्फाला 'एदुरा' म्हणतात, मधल्या भागात 'एलुरा', सुबेरोआत 'एल्हुरा', बारा कोसांवर भाषा बदलते तसंच. त्या एदुरावरून मुलीचं नाव पडतं एदुर्ने. एदुर्ने पासाबान नावाची तोलोसा गावची गिर्यारोहक आहे, जगातली आठ हजार मीटरच्या वरची चौदाही शिखरं तिने २०१० मध्ये पूर्ण केली.

## पण गाण्यात 'स्पेनला जायचं' म्हणतात, म्हणजे ते फ्रेंच ना?

हा प्रश्न हमखास येतो, आणि इथेच खरा मुद्दा आहे. सुबेरोआ फ्रान्समध्ये आहे हे खरं. पण गाण्यातला स्पेन म्हणजे माद्रिद नव्हे, तर डोंगराच्या पलीकडचा उतार. आणि त्या उतारावर रोंकाल, सालासार या खोऱ्यांत राहणारे लोकही बास्कच बोलत होते.

असं समजा की एक जुना वाडा आहे, मध्ये चौक, चारी बाजूंनी खोल्या, सगळ्यांचं एकच आडनाव. बाहेरच्या दोन मोठ्या लोकांचं भांडण मिटलं आणि त्यांनी कागदावर रेघ मारली ती बरोबर चौकाच्या मधून गेली. इकडचा अर्धा वाडा याचा, तिकडचा त्याचा. हा कागद म्हणजे स्पेन आणि फ्रान्समधला १६५९ चा पिरिनीजचा तह. नकाशावर तेव्हापासून डोंगर म्हणजे शेवट, हद्द. वाड्यातल्या लोकांसाठी मात्र तो अजून चौकच.

याचे पुरावे डोंगरावरच आहेत. रोंकालच्या लोकांना दरवर्षी १३ जुलैला पलीकडच्या बारेतू खोऱ्यातले लोक तीन गाई देतात, पाण्याच्या आणि चराईच्या जुन्या भांडणाचा निवाडा म्हणून, आणि हा निवाडा १३७५ चा आहे, म्हणजे तहाच्या जवळपास तीनशे वर्षं आधीचा! बारेतूवाले बास्क नाहीत, बेआर्न प्रांतातले आहेत, तरी हे चालू आहे. डोंगराचा कायदा डोंगरावरच्यांनी आपसात ठरवलेला.

दुसरी गोष्ट त्या मुलींची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि पुढे काही दशकं रोंकाल आणि आसपासच्या खोऱ्यांतल्या तरुण मुली ऑक्टोबरात बर्फ पडायच्या आत डोंगर ओलांडून सुबेरोआतल्या मौलेओं गावी जायच्या, तिथल्या दोराच्या तळव्याच्या कापडी चपला बनवायच्या कारखान्यांत हिवाळाभर काम करायच्या, आणि बर्फ वितळलं की परत. काळे कपडे, घोळक्याने चालत. लोक त्यांना 'आइनाराक' म्हणायचे, म्हणजे पाकोळ्या, थंडीत जाणाऱ्या आणि वसंतात येणाऱ्या. आता परत ते गाणं आठवा, बर्फ वितळलं की मिळून जाऊ. कुणाच्या तरी घरात ती ओळ अगदी कॅलेंडरसारखी खरी होती. रोंकालची स्वतःची बास्क बोली मात्र संपली, ती बोलणारी शेवटची बाई १९९१ मध्ये गेली.

रात्री चोरून माल इकडून तिकडे न्यायच्या धंद्यालाही या भाषेत फार साधा शब्द आहे, 'गाउलाना', रात्रीचं काम. दुसऱ्या महायुद्धात हेच वाटाडे कामी आले. फ्लोरेंतिनो गोइकोएचेआ नावाच्या अशाच एका माणसाने जर्मनांच्या हद्दीत पडलेल्या कितीतरी विमानसैनिकांना अंधारात डोंगर चढवून, बिदासोआ नदी ओलांडून पलीकडे काढलं.

## मग 'माझे लाडके डोंगर' असं गाणं कधी सुरू झालं?

जेव्हा माणूस लांब गेला तेव्हा. घरात असताना घराचं कौतुक कोण करतं.

होसे मारिया इपारागिरे, जन्म १८२० चा, उरेचू गावचा. तेरा-चौदा वर्षांचा असताना घर सोडून युद्धात गेला, मग गिटार घेऊन युरोपभर भटकला. १८५३ मध्ये माद्रिदच्या एका कॅफेत त्याने गेर्निकाच्या झाडावरचं गाणं म्हटलं. गेर्निकाचं ते ओकचं झाड म्हणजे ज्याच्याखाली बिस्कायाचे सरदार लोकांचे जुने कायदे पाळायची शपथ घ्यायचे, त्या कायद्यांना म्हणतात 'फुएरो'. गाणं एवढं पेटलं की सरकारला त्याची भीती वाटायला लागली. पुढे तो दक्षिण अमेरिकेत गेला, तिथे जवळजवळ वीस वर्षं काढली, उरुग्वेत मेंढरं राखली. दरम्यान १८७६ मध्ये फुएरो रद्द झाले. १८७७ मध्ये तो परत आला, पांढरी दाढी घेऊन.

या परतीचं त्याचं गाणं सुरू होतं 'आरा नुन दिरान मेंदी मायतेआक', ते बघा लाडके डोंगर, ते बघा कुरणं, पांढरीशुभ्र शेतघरं, झरे, नद्या. तो उभा आहे हेंदायाला, फ्रान्सच्या अगदी शेवटच्या गावात, नदीच्या पलीकडे त्याचा मुलूख, डोळे सताड उघडे आणि वेडा झालाय आनंदाने. इथे डोंगर पहिल्यांदा 'लाडका' होतो. आणि तो एकटाच असा नव्हता, त्या शतकात घरातल्या एकालाच वारसा मिळायचा, बाकीच्या भावंडांना बाहेर पडावं लागायचं, त्यामुळे हजारो बास्क अर्जेंटिना, उरुग्वे, अमेरिकेच्या नेवाडा-आयडाहोपर्यंत गेले. नेवाडाच्या डोंगरात एकट्याने मेंढरं राखणाऱ्या त्या पोरांनी अॅस्पेनच्या झाडांच्या सालीवर आपली नावं, गावं कोरून ठेवलीत, त्यातली काही अजून वाचता येतात.

## आणि भाषेवरच बंदी आली तेव्हा?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगर चढायचे क्लब निघाले, ट्रेकिंग ग्रुपच, पण त्यात आपला मुलूख पायांनी ओळखून घ्यायची भावना होती. त्यांना 'मेंदिगोइसाले' म्हणतात, १९२४ मध्ये त्यांचा संघ झाला. मग स्पेनचं यादवी युद्ध, १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निकावर बॉम्बहल्ला, आणि हुकूमशहा फ्रँकोची राजवट १९७५ पर्यंत. शाळेत, कचेरीत एउस्कारा नाही, झेंडा नाही, मुलांची बास्क नावंसुद्धा नाहीत.

त्या काळात रविवारी डोंगरावर जाणं याचा अर्थच बदलला. शहरातल्या रस्त्यावर जे मोठ्याने बोलता यायचं नाही ते वर बोलता यायचं, गाता यायचं, कधी कधी शिखरावर झेंडा लावून खाली यायचे. साठच्या दशकात नवे गायक आले, मिकेल लाबोआ, बेनितो लेर्चुंदी, लुर्देस इरिओंदो, त्यांनी जुनी लोकगीतं पुन्हा गायला घेतली. होशेआन आर्त्सेच्या एका छोट्या कवितेला लाबोआने चाल लावली, पंख कापले असते तर तो पक्षी माझा झाला असता पण मग तो पक्षी राहिला नसता, असा तिचा भाव, आज ते गाणं फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हजारो लोक एका सुरात म्हणतात. पक्षी तोच आहे, बोर्तूवरचा. फक्त आता वाट बर्फाने बंद केलेली नव्हती.

झेंड्यावरची बंदी १९७७ मध्ये उठली आणि १९८० च्या मे महिन्यात मार्तिन साबालेता पासांग तेंबा शेर्पाबरोबर एव्हरेस्टवर पोचला तेव्हा त्याने तोच झेंडा वर नेला.

## 'पण बास्क तर समुद्रावरचे लोक ना?'

बरोबर, आणि हे विसरून चालणार नाही. देवमासे मारणारे, कॉड पकडायला थेट कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत गेलेले, आणि १५२२ मध्ये पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून जहाज परत आणणारा एल्कानो गेतारियाचाच. बहुतेक बास्क आज बिलबाओ, सान सेबास्तियान अशा शहरांत राहतात, मेंढपाळ मोजकेच. समुद्राची, वल्ह्यांची गाणीही भरपूर आहेत. पण तिथे डोंगर समुद्राच्या इतका अंगावर आलेला आहे की होडीतल्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळायचं तेसुद्धा किनाऱ्यामागची शिखरं बघूनच. आणि नाताळला मुलांना भेटवस्तू आणणारा त्यांचा ओलेंत्सेरो हा डोंगरात कोळसा पाडणारा माणूस, तो शहरातल्या फ्लॅटमध्येही डोंगरावरूनच उतरून येतो.

## 'हे सगळं शेवटी फुटीरतावादी राजकारण नाही का?'

बास्क म्हटलं की काहींना ईटीए ही सशस्त्र फुटीर संघटना आठवते, आणि ते साहजिक आहे. १९५९ मध्ये सुरू झालेल्या या संघटनेने आठशेच्या वर माणसं मारली, २०११ मध्ये शस्त्रं थांबवली, २०१८ मध्ये विसर्जन केलं. त्या घरांचं दुःख खरं आहे, ते कुठल्याही गाण्याने झाकू नये.

पण गाणी त्या राजकारणाच्या कितीतरी आधीची आहेत आणि त्यात बसतही नाहीत. तोच इपारागिरे, ज्याला पुढच्या राष्ट्रवाद्यांनी डोक्यावर घेतलं, त्याच परतीच्या गाण्यात म्हणतो, तो बघा स्पेन, अख्ख्या युरोपात याच्याहून चांगली भूमी नाही. आणि सुबेरोआतल्या माणसाला स्पेन हवाय तो प्रेयसी तिकडे आहे म्हणून. ही गाणी जपली कोणी, तर आस्कुए आणि आइता दोनोस्तिया या दोन धर्मगुरूंनी, गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांसमोर बसून उतरवून घेतली, नाहीतर अर्धीअधिक गेलीच असती.

## ऐकायचं असेल तर

पाखराच्या गाण्यापासून सुरुवात करा, आणि शक्य असेल तर एकट्या आवाजातलं, वाद्यं नसलेलं रेकॉर्डिंग शोधा. पहिल्याच कडव्यात 'बोर्तिआन' असा शब्द येतो, बोर्तूवर, घाटावर, तो कानाने पकडायचा प्रयत्न करा, मिळतो. मग इपारागिरेचं ऐका म्हणजे फरक कळेल.

आणि सगळ्यात शेवटी सुबेरोआच्या मेंढपाळांच्या 'बासाहायदे' ऐका. बासा म्हणजे रानटी, रानातलं, आणि अहायदे म्हणजे चाल. यात शब्दच नसतात. एकच माणूस, लांब लांब सूर, वर जातो, तिथे थांबतो, घिरट्या घालत सावकाश खाली येतो. भाषांतराची गरज पडत नाही.